बेळगावात घर भाड्याने देताना: चावी देण्याआधीची कामे

वडिलांनी टिळकवाडीत किंवा शहापुरात बांधलेले दुमजली घर, मुले नोकरीनिमित्त पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आणि वरचा मजला रिकामा. किंवा निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या रकमेतून भाग्यनगरात घेतलेला लहानसा फ्लॅट. आपल्या भागात बहुतेक माणसे घरमालक होतात ती अशी, ठरवून नव्हे. त्यामुळे पहिला भाडेकरू दारात उभा राहतो तेव्हा तयारी म्हणून एक कोरा स्टॅम्प पेपर आणि शेजाऱ्याने दिलेला जुना मसुदा एवढेच हाताशी असते. मीही असाच घरमालक झालो. पुढे ज्या ज्या गोष्टींनी मला त्रास दिला त्यांची यादी मी एकदा लिहून काढली, तेव्हा असे दिसले की त्यांतले एकूण एक काम चावी देण्याआधी अर्ध्या तासाचे होते आणि चावी दिल्यावर कित्येक महिन्यांचे झाले. पुढील सर्व सूचना त्याच यादीतून आलेल्या आहेत.

कायदा घराच्या पत्त्याप्रमाणे

सर्वांत आधी दूर करावयाचा गैरसमज आपल्या सीमाभागातला खास आहे. भाड्याविषयीचे मराठीतले बहुतेक लिखाण पुण्या-मुंबईहून येते आणि ते महाराष्ट्राच्या कायद्यावर बेतलेले असते. तिथे ‘लिव्ह अँड लायसन्स’ नावाचा करार सर्रास होतो, त्याची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार सक्तीची आहे, आणि मुदत संपूनही राहणारा माणूस जागा सोडत नसेल तर त्याच कायद्यात नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे तुलनेने लवकर दाद मागता येते. हे सगळे वाचून आपल्याकडचा घरमालक पुण्याच्या भाच्याकडून तोच मसुदा मागवतो, गावाचे नाव तेवढे बदलतो आणि निश्चिंत होतो. पण बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिक्कोडी येथील घराला महाराष्ट्राचा कायदा लागू होत नाही. मालक कोल्हापुरात राहत असला, भाडेकरू रोज सीमा ओलांडून शिनोळीच्या कारखान्यात जात असला, आणि दोघांची मातृभाषा एकच असली तरी घर ज्या राज्यात त्या राज्याचा कायदा. महाराष्ट्राच्या कलमांचा हवाला देणारा करार इथे अगदीच निरर्थक ठरतो असे नाही, कारण पक्षकारांमधील अटी म्हणून तो वाचला जाईल. पण ज्या सोयीसाठी तो मसुदा उचललेला असतो ती सोय त्यातून मिळत नाही.

इथे दोन कायदे लक्षात ठेवावेत. पहिला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, जो साऱ्या भाडेपट्ट्यांचा पाया आहे. दुसरा कर्नाटक भाडे अधिनियम, १९९९, जो २००१ च्या अखेरीस अमलात आला. हा दुसरा कायदा भाडेकरूला बरेच संरक्षण देतो, परंतु त्याची व्याप्ती मर्यादित आहे. भाड्याची मर्यादा भागानुसार दरमहा ३,५०० किंवा २,००० रुपये आहे, आणि त्यापुढच्या भाड्याच्या जागा त्याच्या कक्षेबाहेर राहतात. तसेच १४ चौरस मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दीडशे चौरस फुटांपेक्षा मोठ्या व्यापारी जागाही बाहेर राहतात. त्यामुळे आज नव्याने भाड्याने दिलेल्या साध्या दोन खोल्यांच्या घराचा प्रश्नही बहुधा पहिल्या कायद्याखाली येतो. खडेबाजार किंवा गणपत गल्लीत आजोबांच्या काळापासून नाममात्र भाड्यावर असलेले लहानसे दुकान वारशाने मिळाले असेल, तर मात्र ही गोष्ट वेगळी असून, तिथे वकिलाशी बोलल्याखेरीज भाडेवाढीचे पत्रसुद्धा लिहू नये.

अलीकडे ‘नवीन नियम’ म्हणून दोनच महिन्यांचे डिपॉझिट घेता येते असे संदेश फिरतात. त्यांचे मूळ केंद्र सरकारने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याच्या मसुद्यात आहे. तो नमुना आहे. राज्य विधिमंडळाने स्वीकारल्याशिवाय तो कोणावर बंधनकारक होत नाही.

कुळाची भीती

आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना भाडेकरू ठेवू नये असे वाटते, त्यामागे एक खरी आठवण आहे. कर्नाटकात जमीन सुधारणा कायद्यातील दुरुस्तीने १ मार्च १९७४ पासून कुळांच्या ताब्यातील शेतजमीन सरकारकडे गेली, कुळांनी सात नंबरचा फॉर्म भरला आणि अनेक कुटुंबांची जमीन कसणाऱ्याच्या नावे झाली. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत इथे शिरण्याचे कारण नाही. मात्र त्या काळापासून ‘कूळ लागते’ हा शब्दप्रयोग घरांनाही चिकटला, आणि अकरा महिन्यांनी भाडेकरू बदलला नाही तर घर त्याचे होते अशी समजूत रूढ झाली.

घराच्या भाडेकरूला कूळ कायदा लागत नाही. भाडेकरूने त्या पत्त्यावर आधार कार्ड काढले, मतदार यादीत नाव घातले किंवा रेशन कार्ड हलवले तरी त्यावरून मालकी निर्माण होत नाही. ती केवळ राहण्याच्या ठिकाणाची नोंद असते. बारा वर्षांच्या ताब्याची जी गोष्ट ऐकू येते ती मालकाच्या विरोधात, त्याचा हक्क नाकारून ठेवलेल्या ताब्याविषयी आहे. भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीने असतो, आणि भाडेकरू म्हणून घरात शिरलेल्या माणसाला तुमची मालकीच नव्हती असे म्हणण्याची मुभा पुराव्याचा कायदा देत नाही. अर्थात, तो भाडेकरू आहे हे दाखवणारा कागद आपल्याजवळ असला पाहिजे. ज्यांनी ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून दहा वर्षे रोखीत, पावतीशिवाय, करारावाचून भाडे घेतले, त्यांची अडचण कूळ कायद्याने झालेली नसते.

मग अकरा महिने कशासाठी? कारण अगदी साधे आहे. वर्षाहून अधिक मुदतीच्या किंवा वर्षागणिक चालणाऱ्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे, आणि अकरा महिन्यांचा करार त्या सक्तीखाली येत नाही. नोंदणीचा खर्च आणि उपनिबंधक कार्यालयातील फेऱ्या टाळण्यासाठी ही प्रथा पडली. तीन वर्षांचा करार नोंदणीशिवाय केला तर त्यातील तीन वर्षांची अट पुरावा म्हणून उपयोगी पडत नाही. सोयीस्कर आहे म्हणून कोणी सुचवले तरी हे करू नये.

सही करण्याचा अधिकार कोणाला

भाडेकरू आपल्याकडे आधार आणि पॅन देतो. शहाणा भाडेकरू आपल्याकडेही मालकीचा कागद मागतो, आणि तिथे आपली फजिती होते. बेळगाव शहरात सिटी सर्व्हेचा उतारा आणि महापालिकेचा खाता, खेड्यात ग्रामपंचायतीचा ई-स्वत्तूचा उतारा, या दोन्ही ठिकाणी अजून आजोबांचे किंवा वडिलांचे नाव असणे ही आपल्याकडची सर्वसाधारण स्थिती आहे. वारसा नोंद ‘पुढे कधीतरी’ करायची असते. एक भाऊ इथे, एक गोव्यात, बहीण सांगलीला, आणि घराची चावी जो इथे आहे त्याच्याकडे.

अशा वेळी इथल्या भावाने एकट्याने मालक म्हणून सही करणे बरोबर नाही. इतर वारसांकडून भाड्याने देण्याची संमती लेखी घ्यावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे करार करणे, भाडे घेणे, नोटीस देणे व दावा चालवणे या चार गोष्टींची स्पष्ट नोंद असलेले मुखत्यारपत्र करून घ्यावे. भाडे कोणाच्या खात्यात जाईल आणि दुरुस्तीचा खर्च कसा वाटला जाईल हेही त्याच बैठकीत लिहून काढावे. भाडेकरूशी झालेल्या भांडणांपेक्षा भाड्यावरून भावाभावांत झालेली भांडणे मी जास्त पाहिली आहेत, आणि त्यांत भाडेकरू ‘मी भाडे नक्की कोणाला देऊ’ असे विचारत सहा महिने फुकट राहतो.

घरावर कर्ज असेल तर बँकेच्या कर्जपत्रात भाड्याने देण्यासंबंधी काही अट आहे का ते पाहावे. फ्लॅट असल्यास असोसिएशनला कळवावे.

कराराचा कागद

ई-स्टॅम्प इथे सौहार्द पतसंस्थांतून आणि अधिकृत केंद्रांतून सहज मिळतो. शंभर रुपयांचा कागद म्हणजे करार, ही समजूत सोडून द्यावी. मुद्रांक शुल्क भाडे, डिपॉझिट आणि मुदत यांवरून ठरते. विक्रेत्याला हे तिन्ही आकडे सांगून त्याप्रमाणे कागद घ्यावा. कमी मुद्रांकाचा करार न्यायालयात दाखल करण्याची वेळ आली तर कमी पडलेले शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरल्याशिवाय तो पुराव्यात घेतला जात नाही. दोनशे रुपये वाचवून दोन हजार भरण्याचा हा व्यवहार आहे. ई-स्टॅम्पवर दोन्ही पक्षांची नावे बरोबर असावीत, आणि त्याची तारीख करारावरील सहीच्या तारखेनंतरची नसावी.

भाषेचा मुद्दा इथे टाळता येत नाही. मराठीत केलेला करार दोन पक्षांमध्ये वैध असतो. पण तो कधी उपनिबंधकाकडे किंवा न्यायालयात न्यावा लागला तर भाषांतर जोडण्याची पाळी येऊ शकते, आणि भाषांतरात कोणत्या शब्दाला कोणता अर्थ द्यावा यावर नवा वाद उभा राहतो. माझा शिरस्ता असा आहे की मूळ करार इंग्रजीत करावा, भाडेकरू कन्नडभाषक असेल तर त्याला कन्नड प्रत द्यावी, स्वतःजवळ मराठी प्रत ठेवावी, आणि मूळ प्रत कोणती हे करारातच नमूद करावे. टंकलेखकाने कन्नडमध्ये तयार ठेवलेल्या छापील मसुद्यावर, तो वाचता येत नसताना, केवळ रिकाम्या जागा भरून सही करणारे मराठी घरमालक मी पाहिले आहेत. त्यांतील एकाच्या करारात घरपट्टी व पाणीपट्टीबरोबर विजेचे बिलही मालकाकडे होते, आणि हे त्यांना उन्हाळ्यात दोन कूलर लागल्यावर कळले.

अटींमध्ये भाडे, तारीख, मुदत आणि डिपॉझिट या गोष्टी कोणी विसरत नाही. विसरल्या जातात त्या अशा: मुदतीच्या आत जागा सोडायची झाल्यास किती दिवसांची नोटीस, किती माणसे राहणार आणि त्यांची नावे, पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई, घरातून शिकवणी, खानावळ किंवा कोणताही व्यवसाय चालवायचा की नाही, गाडी कोठे लावायची, गच्ची, अंगण आणि आडाचे पाणी वापरण्याचा हक्क आहे का, भिंतींना खिळे आणि एसीसाठी भोके कोणाच्या परवानगीने. मांसाहार, पाहुणे, रात्री उशिरा येणे अशा आपल्या काही अपेक्षा असतील तर त्या घर दाखवताना मोकळेपणाने सांगाव्यात. मनात ठेवून नंतर तोंड वाकडे करण्यापेक्षा तो भाडेकरू न मिळणे परवडते. आणि जात किंवा धर्म विचारून घर नाकारणे ही गोष्ट आपण आपल्या मुलांच्या बाबतीत परगावी घडू नये असे म्हणतो, तेवढे आठवावे.

विद्यार्थ्यांना देताना पाच जणांपैकी एकाच्याच नावे करार होतो आणि नेमका तोच चौथ्या महिन्यात वसतिगृहात जातो. म्हणून सर्वांची नावे, प्रत्येकाच्या पालकाचा फोन क्रमांक आणि संपूर्ण भाड्याची जबाबदारी सर्वांवर एकत्रित असल्याची ओळ हवी. सैन्यदलातील किंवा सांबऱ्याच्या हवाई दलातील कुटुंबाला देताना बदलीचा आदेश आल्यास महिनाभराच्या सूचनेवर जागा सोडता येईल असे आपणहून लिहावे; त्यांना ती सोय लागतेच, आणि असे भाडेकरू सहसा घर नीटनेटके ठेवतात.

‘लीज’ या शब्दापासून सावध

इथे भाड्याबरोबरच दुसरी एक पद्धत चालते. भाडेकरू एकरकमी पाच-सात लाख देतो, दोन-तीन वर्षे भाड्याशिवाय राहतो, आणि जाताना पूर्ण रक्कम परत नेतो. बोलण्यात याला ‘लीजवर देणे’ म्हणतात, कन्नडमध्ये भोग्य. नव्या घरमालकाला ही रक्कम मिळकतीसारखी वाटते. ती मिळकत नाही, कर्ज आहे. समजा, घराला दरमहा ९,००० रुपये भाडे आले असते. म्हणजे वर्षाला १,०८,००० रुपयांवर पाणी सोडून आपण पाच लाख रुपये वापरायला घेतले, आणि हे साडेएकवीस टक्क्यांहून अधिक व्याज झाले. तेच पाच लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३५,००० मिळतात. यात मालकाचा फायदा कोठे आहे हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

खरी अडचण मुदत संपताना येते. रक्कम मुलीच्या लग्नात किंवा दुसऱ्या मजल्याच्या स्लॅबमध्ये गेलेली असते, त्यामुळे जुन्याला परत देण्यासाठी नवा लीजवाला शोधावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत जुना भाडेकरू जागेत ठाण मांडून बसतो. त्याच्याकडे पाहिले तर तोही चुकत नाही. तरीही हा मार्ग पत्करायचा असेल तर वर्षाहून अधिक मुदतीमुळे नोंदणी करावी, रक्कम बँकेतूनच घ्यावी आणि मुदत ठेवीत तशीच ठेवावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीत स्वीकारली तर आयकर कायद्याने तेवढाच दंड घेणाऱ्यावर बसतो, देणाऱ्यावर नव्हे.

साध्या भाड्यातील डिपॉझिटबद्दल सांगायचे तर बेंगळुरूतील दहा महिन्यांची प्रथा इथे आणण्याची गरज नाही. दोन महिन्यांचे थकीत भाडे, एक-दोन वीजबिले आणि किरकोळ मोडतोड भरून निघेल एवढी रक्कम पुरते. रंगकामासाठी एक महिन्याचे भाडे कापून घेणार असाल तर ते करारात लिहावे. न लिहिता कापले तर निरोपाचा दिवस भांडणात जातो.

मीटर, पाणी आणि गृहज्योती

विजेचे मीटर हा भाड्याच्या घरातला सर्वांत जास्त कुरबुरीचा विषय आहे. हेस्कॉमचे थकलेले बिल मीटर ज्याच्या नावे त्याच्याकडून, म्हणजे आपल्याकडूनच, वसूल होते. भाडेकरू निघून गेला हे कारण चालत नाही. माझा पहिला भाडेकरू दोन महिन्यांचे बिल मागे ठेवून गेला आणि डिपॉझिट आदल्याच दिवशी मी हसतमुखाने परत केले होते.

२०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजनेत घरगुती वापराला २०० युनिटपर्यंत, आधीच्या सरासरी वापराशी जोडलेल्या मर्यादेत, वीज मोफत मिळते, आणि हा लाभ भाडेकरूलाही मिळतो. त्यासाठी भाडेकरूचे आधार त्या मीटरच्या क्रमांकाशी जोडले जाते आणि पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार लागतो. यातून घरमालकासाठी तीन कामे निघतात. एक, वरच्या मजल्याला आणि खालच्या मजल्याला स्वतंत्र मीटर घ्यावे. एकाच मीटरवर तीन बिऱ्हाडे चालवली तर एकत्रित वापर २०० च्या वर जातो आणि सर्वांनाच पूर्ण बिल येते. सब-मीटर लावून आपसात वाटणी करता येते, पण योजनेचा लाभ सब-मीटरला मिळत नाही. दोन, भाडेकरू जाताना त्याचे आधार त्या मीटरवरून काढून टाकले आहे, म्हणजे डी-लिंक केले आहे, याची खात्री करावी; नाहीतर पुढच्याचा अर्ज अडतो आणि जुन्याला नव्या घरी लाभ मिळत नाही. तीन, घरगुती मीटरवर दुकान, झेरॉक्स यंत्र किंवा शिवणकामाचा कारखाना चालू देऊ नये. तो अनधिकृत वापर ठरतो, आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

चावी देण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो भाडेकरूच्या देखत काढून त्यालाच व्हॉट्सॲपवर पाठवावा. एवढ्याशा कृतीने किती वाद मिटतात याची कल्पना येणार नाही.

पाण्याची गोष्ट भागानुसार बदलते. शहराच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी आहे, बाकीच्या ठिकाणी दिवसांआड येते, आणि जुन्या गल्ल्यांतील अनेक घरांना आड किंवा विहीर आहे. भाडेकरूला पाणी कधी येते, टाकी किती लिटरची, मोटर कोणाच्या मीटरवर आणि उन्हाळ्यात टँकर मागवावा लागल्यास खर्च कोणाचा, हे आधी सांगावे. टाकीचे पाणी ‘भरपूर’ आहे असे मोघम सांगून घर देणारा मालक एप्रिलमध्ये फोन उचलायचे बंद करतो.

भाडेकरूची माहिती आणि पोलीस ठाणे

ओळखीच्या माणसाने पाठवला आहे, एवढ्यावर घर देऊ नये. आधारची प्रत, कामाच्या ठिकाणचे ओळखपत्र, कायमचा पत्ता आणि शक्य असल्यास आधीच्या घरमालकाचा फोन घ्यावा, आणि तो फोन खरोखर करावा. उद्यमबागेतील फाउंड्रीत कामाला असलेल्या मुलाबाबत ठेकेदार आज आहे उद्या नाही, म्हणून त्याच्या गावाकडील एका नातेवाईकाशी बोलणे अधिक उपयोगी पडते. भाडेकरूची माहिती फोटोसह जवळच्या पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. परदेशी नागरिकाला, उदाहरणार्थ वैद्यकीय शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याला, खोली दिली तर ठरलेल्या फॉर्मद्वारे चोवीस तासांच्या आत कळवणे मालकाची जबाबदारी आहे. यात हयगय करू नये.

खोल्याखोल्यांत कॉट टाकून पेइंग गेस्ट ठेवणे हा घर भाड्याने देण्यापेक्षा वेगळा धंदा आहे. त्याला महापालिकेचा परवाना लागतो, आणि विजेच्या व घरपट्टीच्या आकारणीतही फरक पडू शकतो.

पावसाळा आणि दुरुस्ती

बेळगावच्या पावसाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. कोरड्या भागातून बदलून आलेल्या भाडेकरूला मात्र ती नसते, आणि जुलैत भिंतीला ओल चढली की त्याला आपली फसवणूक झाली असे वाटते. म्हणून कौलारू घर असल्यास मे महिन्यातच कौले परतून घ्यावीत, फुटकी बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात. स्लॅबचे घर असल्यास गच्चीवरील पाणी जाण्याच्या वाटा मोकळ्या कराव्यात. वडगाव-शहापूरच्या बाजूला बळ्ळारी नाल्याचे पाणी चढते अशा ठिकाणी तळमजला देताना हे लपवू नये. ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी कोठवर आले होते हे शेजारी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगणार असतात.

दुरुस्तीची विभागणी मी अशी ठेवतो: छप्पर, भिंती, नळाची आतली लाईन, विजेची वायरिंग आणि सेप्टिक टँक माझ्याकडे, नळाची तोटी, बल्ब, स्विच, तुंबलेले मोरीचे तोंड आणि वापरातील मोडतोड भाडेकरूकडे. कायद्याची भूमिकाही हीच आहे की जी दुरुस्ती मालकाने करावयाची ती कळवूनही त्याने वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. त्यामुळे तक्रार लेखी मागावी आणि उत्तरही लेखी द्यावे. पाहणीसाठी जाताना आदल्या दिवशी कळवावे. आपलेच घर म्हणून कुलूप उघडून आत जाणे शोभत नाही, आणि कायद्यालाही धरून नाही.

पावती आणि कर

भाडे बँकेतून किंवा यूपीआयने घ्यावे. रोखीत घेतल्यास पावती द्यावी. रक्कम ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावावे. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर गेले की नोकरदार भाडेकरू घरभाडे भत्त्यासाठी आपला पॅन मागतो. तो देण्यास कुरकुर करणारा मालक आपण भाडे दाखवत नाही हेच सांगत असतो.

भाड्याचे उत्पन्न विवरणपत्रात दाखवताना प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या तीस टक्के सरसकट वजावट मिळते, मग वर्षभरात एक रुपयाही दुरुस्तीला लागलेला नसो. उलट बाजूने, कौलांना साठ हजार लागले तरी ते वेगळे वजा होत नाहीत. वरील उदाहरणात १,०८,००० भाड्यातून समजा ८,००० घरपट्टी गेली, तर एक लाखावर तीस हजारांची वजावट आणि सत्तर हजार करपात्र उत्पन्न. घरपट्टी एप्रिलमध्येच भरावी. त्या महिन्यात पाच टक्के सूट असते आणि वर्षभराची पावती हाताशी राहते. घर संयुक्त मालकीचे असेल तर ज्याच्या खात्यात भाडे येते त्याचेच ते उत्पन्न असे नाही. हिश्श्याप्रमाणे प्रत्येकाने दाखवावे.

जागा सोडताना, आणि न सोडल्यास

मुदत संपण्याआधी दोन महिने भाडेकरूशी बोलून घ्यावे. पुढे ठेवायचे असेल तर नवा करार नव्या स्टॅम्पवर करावा. चांगल्या भाडेकरूला मी पाच टक्क्यांहून अधिक वाढ सांगत नाही, कारण घर दोन महिने रिकामे राहिले तर वर्षभराच्या वाढीपेक्षा जास्त नुकसान होते. करार न वाढवता भाडे घेत राहिलात तर कायदा त्याला महिनेवारी भाडेकरू समजतो, आणि वेगळी अट नसल्यास त्याला काढण्यासाठी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस पोचपावतीसह पोस्टाने पाठवावी. व्हॉट्सॲपवरचा संदेश जोडीला असू द्यावा, तिच्या जागी नव्हे.

नोटिशीनंतरही जागा सोडली नाही तर मार्ग दिवाणी न्यायालयाचाच आहे. वीज तोडणे, पाणी बंद करणे, सामान बाहेर काढणे किंवा तो गावी गेला असता कुलूप बदलणे यांतील काहीही करू नये. कायद्याचा मार्ग न धरता घराबाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. शिवाय असल्या प्रकरणाला आपल्याकडे भाषेचा रंग चढायला वेळ लागत नाही. एका साध्या थकबाकीचा वाद गल्लीचा होऊन बसतो, आणि भाडे बाजूलाच राहते.

सुदैवाने बहुतेक भाडेकरू सरळपणे जातात. त्या दिवशी उजेड असताना दोघांनी मिळून घर फिरून पाहावे, प्रवेशाच्या वेळी काढलेले फोटो समोर ठेवावेत, मीटरचा शेवटचा आकडा टिपावा आणि हेस्कॉमचे अखेरचे बिल हाती आल्यावर डिपॉझिटचा हिशेब कागदावर मांडून उरलेली रक्कम बँकेतून पाठवावी. चाव्या मोजून घ्याव्यात, ताबा परत मिळाल्याची दोन ओळींची चिठ्ठी दोघांच्या सहीने करावी, आणि नवा माणूस येण्याआधी दाराचे कुलूप बदलावे.